नवस गावच्या देवाला, उपचार परळला: मुलाला कॅन्सर झाला की गाव नेमकं काय करू शकतं?

लहान मुलाला कॅन्सर झाला म्हटलं की पहिला प्रश्न येतो, यावर औषध आहे का?

बऱ्याचदा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत मात्र हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. उशिरा निदान आणि औषधांचा खर्च ही कारणं आहेतच. पण एका कारणाची चर्चा फारशी होत नाही. ते म्हणजे उपचार अर्धवट सोडणं.

राजापूरसारख्या तालुक्यातून मुंबई गाठणाऱ्या कुटुंबाची खरी परीक्षा इथेच असते.

गावाला परत का जाता येत नाही?

मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो रक्ताचा कॅन्सर, म्हणजे ल्युकेमिया. त्यातल्या सर्वसाधारण प्रकाराचा उपचार दोन ते अडीच वर्षं चालतो. सुरुवातीचे महिने सगळ्यात कठीण. केमोथेरपीमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि संसर्गाशी लढायची ताकद उरत नाही. अशा वेळी आलेला ताप 'बघू सकाळी' म्हणण्यासारखा नसतो. लगेच अँटिबायोटिक सुरू करावं लागतं, नाहीतर जीवावर बेतू शकतं.

म्हणूनच मूल वॉर्डात दाखल नसलं तरी डॉक्टर हॉस्पिटलजवळ राहायला सांगतात. राजापूर ते परळ अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर. त्यात राजापूर रोड स्टेशनही शहरापासून लांब. तापलेल्या मुलाला घेऊन हा प्रवास करणं परवडणारं नाही.

मग आई किंवा वडील मुंबईत अडकतात. रोजगार बुडतो, दुसरं भावंड आजीकडे राहतं, खोलीचं भाडं वाढत जातं. तशात काही आठवड्यांनी पोर टवटवीत दिसायला लागतं आणि घरचे म्हणतात, "बरा झाला की, आता गावाक चला." पण डोळ्यांना बरं दिसणं म्हणजे आजार संपणं नव्हे. शरीरात थोड्या पेशी उरल्या तरी कॅन्सर परत येतो आणि दुसऱ्यांदा तो आवरणं जास्त अवघड असतं.

टाटा हॉस्पिटलचा अनुभव काय सांगतो?

परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. तिथल्या मुलांच्या कॅन्सर विभागात २००९ च्या सुमारास साधारण पाचातलं एक मूल उपचार नाकारत किंवा मध्येच सोडत होतं. त्यानंतर औषधांच्या खर्चासोबत राहणं, जेवण, समुपदेशन यांचीही सोय लावण्यावर भर दिला गेला. तारखेला न आलेल्या कुटुंबाला फोन करून पाठपुरावा सुरू झाला. पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं.

थोडक्यात, डोक्यावर छप्पर आणि ताटात जेवण हाही उपचाराचाच भाग आहे.

मग गाव कुठे येतं?

कोकणी माणसाचं अर्धं गाव मुंबईत असतं. गिरण्यांच्या काळात लालबाग-परळच्या चाळींत एका गावच्या माणसांनी मिळून खोल्या घेतल्या, ग्रामस्थ मंडळं काढली. आजही कुणाचं पोर टाटात आहे हे कळलं की हीच मंडळं कामाला येतात. कुणी डबा पोचवतं, कुणी रांगेत उभं राहतं, कुणी कागद भरून देतं.

सगळ्यात मोठी गरज रक्ताची. प्लेटलेट्स साधारण पाचच दिवस टिकतात. त्यामुळे एकदा शिबिर घेऊन भागत नाही. आळीपाळीने येणारे दाते लागतात. मंडळाच्या पोरांची यादी इथे सोन्याची ठरते.

ज्यांचं मुंबईत कुणीच नाही, त्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती आणि फक्त कॅन्सरग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी २००६ मध्ये सुरू झालेली सेंट ज्यूड्सची केंद्रं आधार देतात.

श्रद्धेचं काय करायचं?

कोकणात पोर आजारी पडलं की ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं जातं, नवस बोलला जातो, मशिदीत दुआ मागितली जाते. त्यात हसण्यासारखं काही नाही. अडीच वर्षं रोज उठून वॉर्डात जायला बळ लागतं. अनेक आईवडिलांना ते तिथूनच मिळतं.

अडचण येते ती श्रद्धा उपचाराच्या आड आली तर. न उतरणारा ताप, फिकटपणा, विनाकारण उठणारे निळे डाग, हाडांचं दुखणं यांना 'बाधा' समजून आठवडे घालवणं मुलाला महागात पडतं. उपचार सुरू असतानाही काही पथ्यं लागतात. अंगारा कपाळाला लावा, पण तोंडात घालू नका. गंगा आली म्हणून मुलाला तिथे न्हाऊ घालू नका किंवा तीर्थ पाजू नका. शिमग्याच्या पालखीच्या गर्दीत नेऊ नका. जडीबुटी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. नवस उपचार संपल्यावर फेडता येतो, देव थांबतो.

गंमत म्हणजे गाडगे महाराजांनी आयुष्यभर नवसाला आणि पशुबळीला विरोध केला. आज त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत नवस बोललेली कुटुंबंही राहतात. महाराजांचा सांगावा भुकेल्याला अन्न आणि बेघराला आसरा देण्याचा होता. तो तिथे रोज पाळला जातो.

तुम्हाला मदत करायची असेल तर...

• पैसे पाठवण्याआधी कुटुंबाला हॉस्पिटलच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात पाठवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात.

• उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीच्या भाड्यात १०० टक्के, तर सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत आहे. हॉस्पिटलचं प्रमाणपत्र लागतं.

• रक्तदात्यांची यादी करा. सगळ्यांनी एकाच दिवशी जाऊ नका.

• मदतीचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी तारीख तपासा, दिलेल्या नंबरवर फोन करा. केस गेलेल्या मुलाचा फोटो व्हायरल करू नका. त्याला उद्या त्याच गावात शाळेत जायचं आहे.

• आणि सहा महिन्यांनी पुन्हा फोन करा. पहिल्या आठवड्यात सगळेच विचारतात. पोर टिकतं ते शेवटपर्यंत विचारणाऱ्यांमुळे.