मानसिक छळ : स्वरूप, ओळख आणि मुक्तीचा मार्ग

छळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मारहाण उभी राहते. अंगावर वळ नसेल तर 'संसारात असे चालायचेच' म्हणून विषय मिटविला जातो. बारामती-इंदापूर परिसरातील वाड्या-वस्त्या असोत की औद्योगिक वसाहतीलगतची नवी घरे, हा समज सर्वत्र आढळतो. तो कायद्याच्या व धम्माच्याही कसोटीस उतरत नाही.

मानसिक छळ म्हणजे दुसऱ्याचा स्वाभिमान, निर्णयशक्ती आणि नातीगोती सातत्याने खच्ची करून त्याला ताब्यात ठेवणे. भांडण आणि छळ यांत भेद केला पाहिजे. भांडणात दोघांनाही बोलता येते आणि ते संपते. छळात बोलण्याचा अधिकार एकाकडेच असतो. दुसऱ्याच्या वाट्याला कायमची धास्ती येते.

त्याची रूपे ओळखण्याजोगी आहेत. चारचौघांत रंगावरून, शिक्षणावरून वा माहेरच्या गरिबीवरून हिणवणे. मूल किंवा मुलगा नाही म्हणून टोचून बोलणे. माहेरी जाण्यास व फोन करण्यास मज्जाव करणे. मजुरीचे वा पगाराचे पैसे काढून घेणे. दिवसेंदिवस अबोला धरणे. मुले हिरावून घेण्याची धमकी देणे. घडलेली गोष्ट घडलीच नाही, 'तुझेच डोके फिरले आहे', असे पुनःपुन्हा सांगून माणसाचा स्वतःच्या स्मृतीवरील विश्वास उडविणे हेही एक रूप आहे. इंग्रजीत त्यास 'गॅसलायटिंग' म्हणतात. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ च्या 'गॅस लाइट' या नाटकावरून हे नाव पडले. पीडित व्यक्ती वारंवार क्षमा मागू लागते, घरात पाऊल टाकताना दचकते, झोप व भूक हरवते आणि चूक आपलीच असे मानू लागते.

ती सोडून का जात नाही, असा प्रश्न सहज विचारला जातो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ साली यामागील चक्र मांडले : ताण वाढतो, स्फोट होतो, मग पश्चात्ताप व गोडवा येतो. त्या गोडव्याच्या काळात आशा पुन्हा पालवते आणि चक्र नव्याने फिरू लागते. त्यात मुलांची चिंता, रिकामा हात व लोकलज्जा यांची भर पडते.

अक्कोसक भारद्वाजाची कथा आपल्या वाचकांस परिचित आहे. शिव्या देणाऱ्या त्या ब्राह्मणास तथागतांनी विचारले की, पाहुण्यांनी न स्वीकारलेले अन्न कोणाचे राहते? न स्वीकारलेली शिवीही देणाऱ्याकडेच राहते. या कथेचा आधार घेऊन छळ सोसणाऱ्या स्त्रीला 'मनावर घेऊ नकोस' असे सांगणे मात्र अन्यायाचे होईल. तथागत त्या ब्राह्मणाच्या अन्नावर व छपरावर अवलंबून नव्हते. ती स्त्री असते. अशा घरासाठी सिगालोवाद सुत्त पाहावे. पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे आणि घरातील अधिकार तिच्या हाती देणे ही तेथे पतीची कर्तव्ये सांगितली आहेत. परुष वाणीपासून विरती हे सम्यक वाचेचे अंग आहे, आणि ते घराच्या उंबऱ्याआतही लागू आहे.

कायद्याची वाटचालही लक्षात घ्यावी. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. १९७६ च्या दुरुस्तीने क्रूरता हे घटस्फोटाचे कारण ठरले. पुण्याच्या न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात १९७५ साली न्या. य. वि. चंद्रचूड यांच्या निकालाने पत्नीचे मनास वेदना देणारे वर्तनही क्रूरता ठरू शकते हे मान्य केले. म्हणजे पुरुषही पीडित असू शकतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने शाब्दिक, भावनिक व आर्थिक छळाची स्पष्ट व्याख्या केली. या कायद्यान्वये स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, आणि दंडाधिकारी संरक्षणाचा व निर्वाहखर्चाचा आदेश देऊ शकतात. संरक्षण अधिकाऱ्यास शेजारीही कळवू शकतो. सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर जबाबदारी येत नाही. उत्पन्न कितीही असले तरी स्त्रियांना तालुका विधी सेवा समितीमार्फत मोफत वकील मिळतो.

सावरण्याचा क्रम जुडिथ हर्मन यांनी १९९२ च्या ग्रंथात सांगितला आहे : प्रथम सुरक्षितता, मग घडलेल्याचे कथन व शोक, त्यानंतर माणसांशी पुन्हा जोडले जाणे. हा क्रम उलटवू नये. धोका असताना 'क्षमा कर' असा उपदेश घातक ठरतो. विश्वासाच्या एका व्यक्तीस सर्व सांगावे. तारीखवार नोंद ठेवावी. कागदपत्रे व थोडे पैसे घराबाहेर सुरक्षित ठेवावेत. तातडीच्या मदतीसाठी १८१ हा महिला मदत क्रमांक आहे. मानसिक आधारासाठी 'टेली मानस'चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक आहे. झोप उडाली असेल वा जीव नकोसा वाटत असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही.

समाजाचेही कर्तव्य आहे. विहारात येणारी एखादी उपासिका अबोल झाली, तिचे येणे थांबले, तर चौकशी करावी. ती बोलू लागल्यास 'पुरावा काय' असे न विचारता आधी ऐकून घ्यावे. ज्या समाजाने अपमानाचे दुःख पिढ्यान्‌पिढ्या भोगले, त्याने आपल्या घरातील अपमान ओळखलाच पाहिजे.