टेस्टर दिसला की घाई नको!

पिपरी मेघे वर्धा शहराला खेटूनच आहे, त्यामुळे शहरातल्या कॉस्मेटिक्सच्या दुकानात डोकावणं इथल्या मैत्रिणींना सहज जमतं. काउंटरवर टेस्टर मांडलेले असले की निवांत थांबावं. मनगटावर मरून, विटकरी, गुलाबी अशा रेघा शेजारीशेजारी ओढून बघण्यातली मजा मोबाइलवर शेड निवडण्यात नाही.

टाटांनी १९५२ मध्ये सौंदर्यप्रसाधनांची लॅक्मे कंपनी सुरू केली. ती घरोघरी पोचवण्यात सिमोन टाटा यांचा वाटा फार मोठा. मोबाइलवरच्या खरेदीचं म्हणाल तर फाल्गुनी नायर यांची सौंदर्यप्रसाधनं विकणारी नायका २०१२ मध्ये ऑनलाइन सुरू झाली, पण पुढे तिनेही दुकानं उघडलीच! रंग शेवटी त्वचेवरच कळतो.

फाउंडेशन हातावर नव्हे, जबड्याच्या कडेला लावावं आणि दाराशी येऊन उजेडात बघावं. पिवळ्या दिव्याखाली सावळा वर्ण वेगळाच दिसतो. शिवाय काही शेड हवा लागल्यावर गडद होतात, म्हणून थोडा वेळ जाऊ द्यावा. परफ्यूमचंही तसंच, लिंबासारखे हलके वास आधी उडतात, चंदन मागे रेंगाळतं.

टेस्टरची लिपस्टिक मात्र थेट ओठांना लावू नये. अनेकांचे हात लागलेले असतात, त्यातून संसर्ग होऊ शकतो. दुकानदाराकडे स्वच्छ कापसाची काडी मागावी.