साखर ‘बॉर्डर’वर आली, सकाळी खायचे काय?

वस्तीत आरोग्य शिबिर झाले की दरवेळी दोन-चार जण कागद हातात घेऊन विचारतात, “डॉक्टर म्हणाले साखर बॉर्डरवर आहे. म्हणजे मला डायबेटीस झाला का?” नाही, अजून झालेला नाही. पण दार ठोठावतो आहे.

उपाशीपोटी साखर 100 ते 125 किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी तपासणी 5.7 ते 6.4 आली, तर ती मधुमेहाच्या आधीची पायरी समजतात. उपाशीपोटी 126 किंवा एचबीए1सी 6.5 च्या पुढे मधुमेह धरतात. या पायरीवर काहीच दुखत नाही, म्हणून माणूस कागद घडी करून ठेवून देतो. इथेच आपले चुकते.

मुळशी तालुक्यातले कासारसाई घ्या. परिसरात धरण आहे, साखर कारखाना आहे आणि जवळच हिंजवडीची आयटी वसाहत आहे. या पट्ट्यातली आपली किती माणसे सिक्युरिटी, हाउसकीपिंग, ड्रायव्हिंगच्या कामासाठी अंधारात घर सोडतात! निघताना चहा आणि बिस्किटे, नऊ वाजता गाडीवर वडापाव, अकराला पुन्हा चहा. आपल्या आजी-आजोबांची न्याहारी वेगळी होती. रात्रीची भाकरी, उरलेले कालवण, नाहीतर ठेचा आणि कांदा. भाकरी ही गरिबीची खूण वाटू लागली आणि बिस्कीट सुधारलेपणाची. शरीराचा हिशेब मात्र उलटा आहे.

पहाटे आपण जागे होत असताना यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. त्यावर मैदा आणि साखर पडली की ती झटकन पचते आणि रक्तातली साखर उसळते. डाळ, कडधान्य, अंडे, भाजी सोबत असेल तर तीच चढण सावकाश होते आणि पोटही दुपारपर्यंत धीर धरते.

म्हणून आम्ही एक साधा नियम सांगतो. ताटातला अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा, पाव भाग उसळ, डाळ, अंडे किंवा मासळीचा आणि पाव भाग भाकरी-पोह्यांचा. आधी भाजी आणि उसळ खावी, भाकरी नंतर. त्यासाठी महागडे ओट्स आणायची गरज नाही.

घरात जमतील असे काही पर्याय :

• ज्वारी, बाजरी किंवा नाचणीची एक मध्यम भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि काकडी किंवा मुळा. भाकरी चांगली असली तरी तिच्यातही पिष्ट असतेच, म्हणून तीन भाकऱ्या नकोत.
• मुगाचे किंवा बेसनाचे धिरडे, त्यात मेथी, कोथिंबीर किंवा किसलेला दुधी घालून.
• एक-दोन उकडलेली अंडी आणि अर्धी भाकरी. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात.
• सुकट-भाकरी. सुकट दोन-तीन पाण्यांतून धुवावी, म्हणजे मीठ कमी होते. रक्तदाब असलेल्यांनी ती क्वचितच खावी.
• पोहे सोडवत नसतील तर मूठभरच घ्यावेत, त्यात तेवढेच वाटाणे, गाजर, फरसबी घालावी आणि बाजूला मोड आलेले मूग ठेवावेत.

साबुदाणा मात्र जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. ती खिचडी ‘हलकी’ म्हणून रोज खाऊ नये. ‘डायजेस्टिव्ह’ लिहिलेले बिस्कीटही शेवटी बिस्कीटच.

आता चहा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला आठ चमचे. एका चमच्यात 5 ग्रॅम धरले तर 40 ग्रॅम. वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गूळ घातला तरी रक्ताला तो साखरेसारखाच. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जीभ महिन्याभरात रुळते. वैशाख पौर्णिमेची वाटीभर खीर वर्षातून एकदा येते, चहाची साखर रोज येते.

“मी तर हडकुळा, मला कसली साखर?” असे म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी परिसरातील गावांत केलेल्या अभ्यासात दिसले, की आपली बाळे वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते. किडकिडीत माणसालाही मधुमेह होतो. तपासणी सर्वांनीच करावी. तीस वर्षांवरील व्यक्तींची तपासणी सरकारी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते.

बदल केल्याने खरेच फरक पडतो का? पडतो. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात याच पायरीवरच्या लोकांना तीन वर्षे पाहिले गेले. नेहमीचाच सल्ला मिळालेल्यांपैकी 100 पैकी 55 जणांना मधुमेह झाला, आहार आणि चालणे सुधारणाऱ्यांपैकी 39 जणांना. म्हणजे शंभरातली सोळा माणसे वाचली. तेव्हा न्याहारीनंतर दहा-पंधरा मिनिटे चाला, बसथांब्यापर्यंतचे चालणेही मोजा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे, किडनीचा आजार असलेले आणि गरोदर भगिनी यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच आहार बदलावा. उपोसथाच्या दिवशी गोळी घेऊन उपाशी राहू नये.

बाबासाहेबांनाही मधुमेहाने शेवटच्या वर्षांत फार छळले. घरी साखर मोजण्याचे यंत्र तेव्हा नव्हते. आज तपासणी दाराशी आहे आणि औषधाआधीचा उपाय स्वयंपाकघरात आहे. उद्या सकाळी बिस्किटाचा पुडा बाजूला ठेवा आणि आज रात्रीच मटकी भिजत घाला. तीन महिन्यांनी एचबीए1सी पुन्हा करा आणि जुना कागद शेजारी ठेवून बघा.