शोध-संचातील नोंदींचे अखंड अनुसरण : एक विवेचन

प्रस्तावना :

संगणकावर चालणारी प्रत्येक प्रणाली आपल्या कामाची दैनंदिनी लिहीत असते. कोणी प्रवेश केला, काय मागितले, त्रुटी कोठे आली, हे सारे वेळेसह ओळीओळीने नोंदले जाते. या नोंदींना 'लॉग' असे म्हणतात. परीक्षा अर्जाच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळ बंद पडले, तर दोष कोठे आहे हे याच ओळी सांगतात. मात्र त्या त्याच वेळी वाचता आल्या पाहिजेत. हे वाचन वरवर वाटते तितके सोपे नाही.

रजिस्टर एक आणि अनेक :

मुदखेड हे दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागातील जंक्शन होय. आदिलाबादकडील मार्ग येथे मनमाड-सिकंदराबाद मार्गास मिळतो. गाडी आली-गेली की तिची वेळ स्थानकाच्या रजिस्टरमध्ये लिहिली जाते. एकच रजिस्टर असेल तर शेवटच्या वाचलेल्या ओळीवर बोट ठेवून पुढची ओळ उमटण्याची वाट पाहणे पुरते. युनिक्स प्रणालीतील 'टेल' ही आज्ञा नेमके हेच करते. परंतु वीस स्थानकांची रजिस्टरे एका कार्यालयात आणून वेळेच्या क्रमाने लावायची ठरविल्यास बोट कोठे ठेवावे, हा प्रश्न उद्भवतो. एखाद्या स्थानकाची चिठ्ठी उशिरा पोहोचते आणि तिची जागा आधीच वाचून झालेल्या पानावर असते.

अनेक सर्व्हरांच्या नोंदी एकत्र शोधता याव्यात म्हणून इलॅस्टिकसर्चसारखे शोध-संच वापरले जातात. शे बॅनन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेली ही प्रणाली 'ल्युसीन' या शोध-ग्रंथालयावर उभी आहे. (बॅनन यांच्या या वाटचालीचा आरंभ पत्नीच्या पाककृती शोधण्याच्या सोयीतून झाला, ही गोष्ट संगणकशास्त्राच्या वर्गात आवर्जून सांगण्याजोगी आहे.)

अनुसरणातील अडचणी :

शोध-संच नवी ओळ आपणहून वाचकाकडे पाठवीत नाही. ती पुनःपुन्हा विचारावी लागते. 'शेवटच्या वेळेनंतरचे द्या' असे विचारले, तर त्याच मिलिसेकंदातील उरलेल्या नोंदी कायमच्या सुटतात. 'त्या वेळेपासूनचे द्या' असे विचारले, तर जुन्या नोंदी पुन्हा येतात. दुसरा मार्ग पत्करून प्रत्येक नोंदीच्या ओळखक्रमांकावरून पुनरुक्ती गाळणे हेच श्रेयस्कर. कारण पुनरुक्ती दिसते, सुटलेली ओळ दिसत नाही.

शिवाय आलेली नोंद तत्क्षणी शोधात सापडत नाही. इलॅस्टिकसर्चमध्ये ही ताजेपणाची मुदत सामान्यतः १ सेकंद असते. जाळ्यातील विलंब त्यात मिळवावा लागतो. म्हणून प्रत्येक वेळी काही सेकंद मागे जाऊन वाचणे आवश्यक ठरते. किती सेकंद, हे त्या त्या ठिकाणच्या विलंबावरून ठरवावे. एका उत्तरात मावणाऱ्या नोंदींनाही मर्यादा असते. मूळ मांडणीत १०,००० च्या पुढे पाने उलटता येत नाहीत. तेथे मागील पानावरील शेवटच्या नोंदीची क्रममूल्ये देऊन पुढचे पान मागावे लागते. संचाचे गोठविलेले चित्र घेऊन वाचण्याची सोयही आहे, पण गोठविलेल्या चित्रात नवे काही येत नाही. इतिहास वाचण्यास ती उत्तम, अनुसरणास निरुपयोगी.

आणखी एक खोड भारतीय वाचकास विशेष जाचते. नोंदींचे दैनिक संच बहुधा जागतिक प्रमाणवेळेच्या तारखेने नामांकित होतात. त्यामुळे तारीख आपल्याकडे पहाटे ५.३० वाजता बदलते. एकाच दिवसाच्या संचाचे नाव धरून बसलेला कार्यक्रम त्यानंतर निमूटपणे रिकामी उत्तरे घेत राहतो. त्रुटीचा संदेश येत नाही, आणि सर्व आलबेल असल्याचा भास होतो.

घड्याळ आणि जबाबदारी :

सर्व्हरांची घड्याळेच जुळत नसतील तर वरील सारी दक्षता व्यर्थ जाते. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत सेवापुरवठादार, कंपन्या व शासकीय संस्था यांना घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळविण्यास सांगितले आहे. नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. या ६ तासांत ज्याला मागची ओळ शोधायची आहे, त्याने वाचनखूण कोठे ठेवली होती याला महत्त्व येते. ती संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असेल तर वीज जाताच नाहीशी होते. म्हणून ती डिस्कवर लिहावी, आणि तीही आणलेली नोंद सुरक्षित उतरवून झाल्यावरच. आधी लिहिल्यास मधली ओळ गेलीच म्हणून समजावे.