सात कमानी आणि घाईतला राजा

एलिझाबेथ राणी मार्च १६०३ मध्ये गेली आणि स्कॉटलंडचा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला. पण लंडनने त्याला वाजतगाजत शहरात घेतलं ते १५ मार्च १६०४ला. मधे प्लेगची साथ होती. तिने शहरातली सुमारे ३० हजार माणसं नेली. जुलैत राज्याभिषेक कसाबसा उरकला, मिरवणूक मात्र लांबली.

टॉवरच्या किल्ल्यापासून व्हाइटहॉलच्या वाड्यापर्यंतची ही वाट जुन्या शहराच्या पोटातून जायची. शहराच्या हद्दीत तिच्यावर सात कमानी उभ्या होत्या. पाच शहराच्या खर्चाने, त्यासाठी व्यापारी-कारागिरांच्या संघांवर पट्टी बसवलेली. उरलेल्या दोन तिथल्या इटालियन आणि डच मंडळींच्या. परक्या गावात धंदा करायचा तर नव्या राजाच्या नजरेत भरलेलं बरं! कमानींचा आराखडा स्टीफन हॅरिसन या सुताराचा. काम सगळं लाकडी, वर रंगरंगोटी. दिसायला मात्र रोमन दगडी थाट.

पहिली कमान फेनचर्च स्ट्रीटवर. तिच्या माथ्यावर अख्खं लंडन छोट्या आकारात कोरलेलं होतं: घरं, मनोरे, चर्चचे कळस. समोर दाट ढग रंगवलेला रेशमी पडदा. राजा जवळ येताच पडदा सरकायचा आणि शहर उजळायचं, म्हणजे सूर्य कोण हे वेगळं सांगायला नको. ही कल्पना नाटककार बेन जॉन्सनची. नगराच्या अधिदेवतेच्या वेषात उभा होता एडवर्ड ॲलन, त्या काळचा गाजलेला नट. शेक्सपिअरलाही राजाचा सेवक म्हणून या प्रसंगासाठी साडेचार वार लाल कापड मिळालं होतं. त्याचा अंगरखा शिवून तो मिरवणुकीत चालला की नाही, याची नोंद नाही.

चीपसाइडच्या बाजारपेठेत शहराच्या वतीने भाषण झालं आणि राजा, राणी, युवराज यांना सोन्याचे चषक दिले गेले. सार्वजनिक हौदांच्या तोट्यांतून त्या दिवशी पाण्याऐवजी लाल वाइन वाहत होती. गर्दीला भाषणांपेक्षा ती जास्त आवडली असणार.

मला या सोहळ्यात राजापेक्षा शहर जास्त दिसतं. कमानी शहराच्या, पैसा शहराचा, बोलणारेही शहराचेच. राजाने फक्त ऐकायचं. जेम्सला नेमकं तेच जड जायचं. गर्दीचं त्याला वावडं होतं. आधी तो गुपचूप तयारी बघायला गेला, तर लोकांनी ओळखून गराडा घातला आणि दारं लावून घ्यावी लागली. प्रत्यक्ष मिरवणुकीत तो कंटाळू नये म्हणून बरीचशी भाषणं गाळली. सोहळ्याचा वृत्तांत लिहिणाऱ्या थॉमस डेकरने ती पुस्तकात मात्र छापून टाकली. त्यामुळे त्या दिवशी राजाने जे ऐकलं नाही, तेही आज आपल्याला वाचता येतं. हॅरिसननेही आपल्या कमानींची चित्रं त्याच वर्षी पुस्तकरूपाने काढली. कमानी मोडल्या, त्यांचं रूप त्या पानांवर उरलं.

जेम्सचा मुलगा पहिला चार्ल्स याने पुढची पायरी गाठली. त्याच्या स्वागतासाठीही शहराने खर्च करून कमानी उभारल्या होत्या. १६२६ मध्ये त्याने मिरवणूकच रद्द केली आणि कमानी उतरवायला लावल्या. खर्च शहराच्या अंगावर पडला.