हवाई अंतर व प्रवासकाल

दोन विमानतळांना भूपृष्ठावरून जोडणाऱ्या लघुतम मार्गाच्या लांबीस त्यांमधील हवाई अंतर म्हणतात. पृथ्वी गोलाकार असल्याने हा मार्ग बृहद्‌वृत्ताचा, म्हणजे ज्याचे प्रतल पृथ्वीच्या केंद्रातून जाते अशा वर्तुळाचा कंस असतो. विमानतळांचे अक्षांश व रेखांश ज्ञात असल्यास गोलीय त्रिकोणमितीने त्याची लांबी काढता येते. विमानवाहतुकीत ती सागरी मैलांत (१ सागरी मैल = १·८५२ किमी.) मोजण्याचा प्रघात आहे.

छत्रपती संभाजीनगरचा (पूर्वीचे औरंगाबाद) चिकलठाणा विमानतळ १९° ५२' उ. व ७५° २४' पू., तर नांदेडचा विमानतळ १९° ११' उ. व ७७° १९' पू. येथे आहे. त्यांमधील हवाई अंतर सुमारे २१५ किमी. (११६ सागरी मैल) भरते. जालना, परभणी व पूर्णा यांवरून जाणारा लोहमार्ग याहून सु. २० किमी. अधिक लांब आहे. दोन्ही विमानतळांना जोडणारी सरळ रेषा परभणी जिल्ह्यावरून, सेलूच्या जवळून व परभणी शहराच्या थोडी उत्तरेकडून जाते.

ताशी सु. ५०० किमी. वेगाने जाणाऱ्या पंखायुक्त विमानास २१५ किमी. अंतरास गणिताने २६ मिनिटे पुरतात. तथापि धावपट्टीपर्यंत सरकणे, उड्डाण, चढण, उतरण व अवतरण यांत वेग कमी असतो आणि मार्गही सरळ राहत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात पाऊण तास वा अधिक लागतो. हा जादा काळ अंतरावर फारसा अवलंबून नसतो. म्हणून मार्ग जितका आखूड, तितका त्याचा वाटा मोठा. वाऱ्याचाही परिणाम होतो. ताशी ५० किमी. वेगाचा वारा समोरून आल्यास ५०० किमी. वेगाच्या विमानाचा जमिनीसापेक्ष वेग ४५० किमी. उरतो, तर पाठीमागून आल्यास तो ५५० किमी. होतो.

परभणी जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. परभणीस नांदेडचा विमानतळ जवळचा असून 'उडान' योजनेतील पहिल्या सेवांपैकी नांदेड–हैदराबाद ही सेवा तेथून २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली. परभणीकराच्या दृष्टीने प्रवासकाल घरापासून मोजावा लागतो : नांदेडपर्यंत रस्त्याने सु. दीड तास, विमानतळावरील तपासणीस एक तास व उतरल्यावर बाहेर पडण्यास अर्धा तास, असे तीन तास उड्डाणाखेरीज जातात. सु. १७७ किमी. लोहमार्गाने तितक्याच वेळात छत्रपती संभाजीनगर गाठता येते. तेथे विमानाने काही साधत नाही. मुंबईची गोष्ट वेगळी. नांदेड–मुंबई हवाई अंतर सु. ४७० किमी. असून उड्डाणास सव्वा तास धरला, तरी एकूण सव्वाचार तास होतात, परभणी–मुंबई सु. ५५० किमी. रेल्वेप्रवासास नऊ ते दहा तास लागतात. प्रादेशिक विमानसेवेची उपयुक्तता ठरविताना म्हणूनच हवाई अंतरापेक्षा हा एकूण काळ अधिक महत्त्वाचा ठरतो.