शरीर म्हणजे फक्त हार्डवेअर आहे का? ट्रान्सह्यूमॅनिझम आणि ख्रिस्ती विचार

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या वेळच्या एपिसोडचा लेखी भाग. बोलताना मध्ये मध्ये येणारं "अं... म्हणजे... काय म्हणतात त्याला" तेवढं काढलंय. बाकी सगळं तेच आहे.

आजचा विषय आहे माणूस आणि मशीन एकत्र करणं, आणि त्याबद्दल ख्रिस्ती विचारवंत काय म्हणतात. आता तुम्ही म्हणाल, टेकच्या गप्पांमध्ये धर्म कुठून आणला? कारण असं आहे की मरणावर मात, नवं शरीर, कायमचं जगणं ही आश्वासनं सिलिकॉन व्हॅलीने पहिल्यांदा दिलेली नाहीत. चर्चमध्ये ती दोन हजार वर्षं ऐकू येतायत. एवढा काळ ज्यांनी याच प्रश्नांवर डोकं खाजवलंय, त्यांचं म्हणणं ऐकायला काय हरकत आहे?

आधी शब्द समजून घेऊ

ट्रान्सह्यूमॅनिझम म्हणजे विज्ञान वापरून माणसाच्या शरीराच्या आणि बुद्धीच्या मर्यादा ओलांडायच्या, असा विचार. म्हातारपण थांबवायचं, मेंदूला कॉम्प्युटर जोडायचा, जमलं तर अख्खं मनच सर्व्हरवर टाकायचं. हा शब्द लोकांपर्यंत पोचवला ज्युलियन हक्सली या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञांनी, १९५७ मध्ये. युनेस्कोचे पहिले महासंचालक ते हेच.

गंमत म्हणजे जवळपास असाच एक शब्द इटालियन कवी दांतेने चौदाव्या शतकातच वापरला होता. स्वर्गाचं वर्णन करताना, माणूसपणाच्या पलीकडे जाणं या अर्थाने. फरक एवढाच की दांतेच्या काव्यात हे देवाच्या कृपेने घडतं आणि हक्सलींच्या विचारात माणसाच्या स्वतःच्या प्रयत्नाने. आजचा बहुतेक वाद याच फरकाभोवती फिरतो. हे डोक्यात ठेवा, पुढे कामाला येईल.

"पण ख्रिस्ती लोक चिपच्या विरोधात असतात ना?"

हा प्रश्न हमखास येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर '६६६' वाले फॉरवर्ड तुम्हीही पाहिले असतील. त्याचं मूळ बायबलच्या शेवटच्या पुस्तकात आहे. प्रकटीकरण, अध्याय १३. तिथे हातावर किंवा कपाळावर खूण नसेल तर खरेदी-विक्री करता येणार नाही, असं वर्णन येतं. काही जण ते थेट मायक्रोचिपला जोडतात. पण बरेच अभ्यासक ते त्या काळच्या रोमन सम्राटाच्या सत्तेबद्दल आणि सम्राटपूजेबद्दल आहे, असं मानतात.

मुख्य प्रवाहातल्या चर्चचा तंत्रज्ञानाला सरसकट विरोध नाही. चौथ्या शतकात बिशप बेसिल यांनी आजच्या तुर्कीमध्ये आजारी आणि गरीब लोकांसाठी मोठं रुग्णालय उभारलं होतं. बरं करणं हे ख्रिस्ती परंपरेत पुण्याचंच काम आहे.

आता न्यूरालिंकचं उदाहरण घ्या. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत चिप बसवली. तो तरुण अमेरिकेतला नोलंड आर्बॉ. २०१६ मध्ये पाण्यात झालेल्या अपघातानंतर त्याचं खांद्याखालचं शरीर लुळं पडलेलं. चिपमध्ये ६४ बारीक धागे, त्यांच्यावर एकूण १०२४ इलेक्ट्रोड. त्यांच्या जोरावर तो नुसत्या विचाराने कर्सर हलवायला लागला, बुद्धिबळ खेळायला लागला. काही आठवड्यांत बरेच धागे मागे सरकले आणि सिग्नल कमी झाला. मग टीमने सॉफ्टवेअर बदलून कामगिरी परत वर आणली. आणि हा आर्बॉ आपल्या ख्रिस्ती श्रद्धेबद्दल उघडपणे बोलतो. म्हणजे "चिप विरुद्ध श्रद्धा" असा सरळ सामना इथे नाहीच.

मग रेष कुठे ओढायची?

कॅथलिक चर्चने एक रेष ओढायचा प्रयत्न केलाय. उपचार एका बाजूला आणि 'वाढ' दुसऱ्या बाजूला. २००८ मध्ये व्हॅटिकनने 'डिग्निटास पर्सोने' नावाचा दस्तऐवज काढला. त्यात आजार नसताना केवळ माणूस 'सुधारण्यासाठी' जनुकं बदलायला विरोध केलाय. कारण पटण्यासारखं आहे. एकदा काही गुण 'चांगले' ठरले की ते ज्यांच्याकडे नाहीत ती माणसं आपोआप 'कमी' ठरतात.

पण प्रॅक्टिकली ही रेष धूसर आहे. मोतीबिंदूनंतर डोळ्यात लेन्स बसवली, हा उपचार. ठीक. लस घेतली, हा उपचार की अपग्रेड? आजार तर झालेलाच नव्हता! ख्रिस्ती विचारवंतांनाही ही अडचण माहीत आहे. त्यामुळे त्यांच्यातले बरेच जण आणखी खोलातला प्रश्न विचारतात. शरीर ही बदलायची वस्तू आहे, की शरीर म्हणजेच मी?

कपडा की स्वतः मी?

आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेलं असतं की आत्मा जुनं शरीर टाकून नवं घेतो, कपडे बदलावे तसं. त्यामुळे "मन अपलोड करून दुसऱ्या मशीनवर टाकू" हे आपल्या कानाला फार विचित्र वाटत नाही. डेटा तोच, डिव्हाइस नवीन. बस.

ख्रिस्ती विचार इथे वेगळा जातो. उत्पत्तीच्या पुस्तकात माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे आणि तो मातीचाही आहे. योहानाच्या शुभवर्तमानात देव स्वतः देह धारण करतो. आणि शेवटची आशाही शरीरातून सुटण्याची नाही, तर शरीराच्या पुनरुत्थानाची आहे. सुरुवातीच्या शतकांत 'नॉस्टिक' नावाचे पंथ होते. त्यांतले अनेक जण शरीराला तुरुंग मानायचे. चर्चने तो विचार नाकारला. म्हणूनच आज कुणी माइंड अपलोडिंगबद्दल बोललं की ख्रिस्ती टीकाकार म्हणतात, "हा तर जुनाच नॉस्टिक विचार, फक्त क्लाउडवर ठेवलेला."

याहून वेगळा मुद्दा नॅन्सी आयझलंड या अमेरिकन अभ्यासक बाईंनी मांडला. त्यांना स्वतःला जन्मापासून हाडांचा विकार होता. १९९४ मध्ये त्यांचं 'द डिसेबल्ड गॉड' हे पुस्तक आलं. त्यांनी लक्ष वेधलं ते एका साध्या तपशिलाकडे. पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांना भेटतो तेव्हा त्याच्या हातापायांवरच्या जखमा तशाच असतात. नवं शरीर मिळालं तरी व्रण पुसले गेले नाहीत. मग 'परिपूर्ण शरीर' म्हणजे काहीही उणं नसलेलं शरीर, हे कुणी ठरवलं?

इथे थोडं थांबून विचार करा. व्हीलचेअरवरच्या माणसाला रॅम्प हवा असतो, चांगली खुर्ची हवी असते, कदाचित चिपही हवी असते. पण "तू म्हणजे अर्धवट व्हर्जन" हे ऐकायला त्याला नको असतं.

वेदना इंजिनिअर करायचा प्रयत्न

आता आपल्या जवळची एक गोष्ट. डॉ. पॉल ब्रँड. जन्म १९१४, तामिळनाडूच्या कोल्ली डोंगरात, मिशनरी आईवडिलांच्या घरी. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. चांगल्या स्नायूचा टेंडन हलवून बोटं पुन्हा चालती करायची. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. कुष्ठरोगात हातपाय आपोआप झडत नाहीत. वेदनाच कळत नाही, म्हणून रुग्णाला जखमा होत राहतात आणि त्या चिघळतात.

पुढे अमेरिकेत गेल्यावर ब्रँड यांनी चक्क कृत्रिम वेदना तयार करायला घेतली. हातमोज्यात सेन्सर बसवायचे, दाब वाढला की आवाज करायचा. लोकांनी आवाजाकडे दुर्लक्ष केलं. मग हलका विजेचा झटका दिला. तर काम अडतंय म्हटल्यावर लोक यंत्रणाच बंद करायचे आणि काम झालं की परत चालू! प्रोजेक्ट शेवटी सोडून द्यावा लागला.

आपण नोटिफिकेशन म्यूट करतो ना, अगदी तसंच. ज्या वेदनेला ऑफ बटण आहे ती संरक्षण करत नाही. ब्रँड यांनी नंतर वेदनेला देणगी म्हटलं. वेदनाच न जाणवणारे हात त्यांनी आयुष्यभर बघितले होते, हे लक्षात घेऊन ते वाचायला हवं. शरीराची प्रत्येक मर्यादा बग नसते, एवढं तरी त्यातून नक्की कळतं.

दुसरी बाजूही आहे

सगळे ख्रिस्ती विचारवंत ब्रेकच लावतात असं समजू नका. एकोणिसाव्या शतकात मॉस्कोमध्ये निकोलाय फ्योदोरोव नावाचे ग्रंथपाल होते, पक्के ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. त्यांचं म्हणणं असं की विज्ञान वापरून आजवर मेलेल्या सगळ्या पूर्वजांना जिवंत करणं हे माणसाचं कर्तव्यच आहे. रॉकेट विज्ञानाचे जनक मानले जाणारे त्सिओलकोव्हस्की तरुणपणी त्यांच्याच ग्रंथालयात शिकत होते.

फ्रेंच जेझुइट पियेर तेयार द शार्दां हे पाद्रीही होते आणि जीवाश्मांचे अभ्यासकही. उत्क्रांती शेवटी एका 'ओमेगा बिंदू'कडे, म्हणजे ख्रिस्ताकडे चाललीय, असं ते मांडत. चर्चने त्यांना हे हयातीत छापू दिलं नाही. १९५५ मध्ये ते वारले, मग पुस्तक आलं. त्याच्या इंग्रजी अनुवादाला प्रस्तावना कुणाची? ज्युलियन हक्सलींची! १९६२ मध्ये व्हॅटिकनने तेयार यांच्या लिखाणाबद्दल अधिकृत इशाराही दिला. आणि आज अमेरिकेत 'ख्रिश्चन ट्रान्सह्यूमॅनिस्ट असोसिएशन' आहे, २०१४ पासून. देवाने निर्मितीची क्षमता दिलीय तर ती वापरणं हीसुद्धा भक्तीच, असं त्यांचं म्हणणं.

सर्व्हर कुणाच्या हातात?

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मी शेवटी ठेवलाय. लेखक सी. एस. लुईस यांनी १९४३ मध्येच एक इशारा दिला होता. त्याचा सारांश असा, की माणसाने निसर्गावर मिळवलेली सत्ता म्हणजे प्रत्यक्षात काही माणसांनी इतर माणसांवर मिळवलेली सत्ता असते.

हे खरं वाटत नसेल तर 'आर्गस २' बघा. सेकंड साइट या अमेरिकन कंपनीचा हा कृत्रिम डोळा. जगभरात ३५० हून जास्त अंध लोकांनी तो बसवून घेतला. मग कंपनीने २०१९ मध्ये तो बनवणं बंद केलं, आणि पुढच्या वर्षी ती दिवाळखोरीच्या काठावर गेली. डोळ्यात बसवलेलं यंत्र तसंच, पण दुरुस्ती नाही, अपडेट नाही. आपण एखादं अ‍ॅप बंद करताना मेल पाठवतो, "सपोर्ट संपतोय." इथे सपोर्ट संपला तो कुणाच्या तरी नजरेचा.

ख्रिस्ती विचारात माणूस मुळातच अवलंबून असलेला जीव आहे. देवावर, शेजाऱ्यावर, आईवडिलांवर. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ट्रान्सह्यूमॅनिझम म्हणतो, आम्ही हे अवलंबणं संपवू. पण बऱ्याचदा ते संपत नाही, फक्त शेजाऱ्याकडून कंपनीकडे सरकतं.

तुम्ही श्रद्धाळू असा किंवा नसा, या सगळ्या चर्चेतून दोन प्रश्न घेण्यासारखे आहेत. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कुणी आपल्यासमोर असं एखादं अपग्रेड ठेवलं, तर ते विचारा. पहिला, हे बसवल्यावर मी कुणावर अवलंबून राहीन आणि तो मला सोडून गेला तर? दुसरा, हे न बसवणाऱ्या माणसाची किंमत माझ्या नजरेत कमी होईल का?

दुसऱ्याचं उत्तर 'हो' येत असेल, तर चिप कितीही भारी असली तरी गडबड आपल्यात आहे.

चला, या वेळी एवढंच. तुमच्या ओळखीत कुणी श्रवणयंत्र, पेसमेकर किंवा कॉक्लिअर इम्प्लांट वापरत असेल, तर त्यांना हा एपिसोड पाठवा आणि त्यांना काय वाटतं ते जरूर विचारा. या विषयात ते आपल्यापेक्षा पुढे आहेत. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!